राक्षसाच्या लेकीपासून रंगमंचापर्यंत: हुशार चेटकिणीची पार्श्वभूमी

उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी लागली की ठाण्यात गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृह, वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृह इथे बालनाट्यांचे प्रयोग लागतात. त्यांत एखादी तरी चेटकीण असतेच, आणि शेवटी तिची फजिती ठरलेली. त्यामुळे चेटकीणच नायिका असलेली संहिता हाती आली, की तालमीच्या पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारतं, हे परदेशी खूळ कशाला? खूळ परदेशी नाही. ते निदान नऊशे-हजार वर्षं आपल्या घरातच आहे.

काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात, राजा अनंताची राणी सूर्यमती हिच्या करमणुकीसाठी ‘कथासरित्सागर’ रचला. त्याच्या सातव्या लंबकात, म्हणजे भागात, शृंगभुज आणि रूपशिखेची गोष्ट आहे. बगळ्याच्या रूपात आलेल्या अग्निशिख राक्षसाला राजपुत्र शृंगभुज वडिलांचा सोन्याचा बाण मारतो. बाण परत आणायला हवा म्हणून रक्ताच्या थेंबांचा माग काढत तो राक्षसाच्या नगरीत पोचतो. तिथे राक्षसाची मुलगी रूपशिखा त्याच्यावर भाळते. बाप लग्नाला तोंडदेखला होकार देतो आणि अटी घालायला लागतो.

पहिली अट अशी, की हुबेहूब दिसणाऱ्या शंभर बहिणींमधून नवरी ओळखायची. रूपशिखा आधीच सांगून ठेवते, मी गळ्यातला हार डोक्यावर बांधीन. दुसरी अट, शेत नांगरून ढीगभर तीळ पेरायचे. ते तिच्या मायेने होतं. लगेच हुकूम सुटतो, आता पेरलेले तीळ पुन्हा वेचून आण. ती असंख्य मुंग्या निर्माण करते आणि दाणा न् दाणा परत येतो. मग बाप राजपुत्राला रूपशिखेचा काका धूमशिख याच्याकडे आमंत्रण द्यायला पाठवतो, म्हणजे खरं तर मरायला. रूपशिखा त्याच्याजवळ माती, पाणी, काटे आणि अग्नी देते, वर एक वेगवान घोडा. काका मागे लागल्यावर मातीचा डोंगर होतो, पाण्याची नदी, काट्यांचं जंगल, आणि शेवटी आगीने जंगल पेटतं.

खरी गंमत पुढे आहे. दोघं पळून जातात आणि बाप स्वतः पाठलाग करतो. इथे डोंगर नाही की नदी नाही. रूपशिखा नवऱ्याला आणि घोड्याला अदृश्य करते, स्वतः पुरुषाचं रूप घेते आणि एका लाकूडतोड्याची कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडत बसते. बाप विचारतो, काय चाललंय? ती म्हणते, राक्षसांचा राजा अग्निशिख वारला, त्याच्या चितेची लाकडं फोडतोय. मी मेलो की काय, अशी शंका येऊन हा मठ्ठ राक्षस घरी विचारायला परत जातो! जिवंत असल्याची खात्री करून तो पुन्हा येतो, तेव्हा ती निरोप्या होऊन उभी असते: अग्निशिखावर शत्रूंनी प्राणघातक घाव घातलाय, भावाने येऊन राज्य सांभाळावं असा निरोप घेऊन चाललोय. बाप पुन्हा घरी.

या शेवटच्या भागात जादू जेमतेम वेषांतरापुरती आहे, बाकी सगळी अक्कल. बापाला मारायचं नाही, नुसता वेळ काढायचा. संहिता लिहिणाऱ्याने यातून एवढं उचललं तरी पुरे. जादू वाट्टेल ते करायला लागली की मुलं दहा मिनिटांत कंटाळतात, कारण मग कुठल्याही संकटात जीव उरत नाही. प्रत्येक जादू एकदाच चालावी, आणि तिने फक्त वेळ मिळावा, सुटका नाही.

राक्षसाची किंवा जादूगाराची मुलगी नायकाची कामं करून देते आणि त्याच्यासोबत पळते, हा साचा युरोपातही सर्वत्र सापडतो. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याला 313 हा क्रमांक आहे. ग्रीकांची मेडिआ त्याच घराण्यातली. त्या कथेचा नायक जेसन, त्याला आगीपासून वाचवणारा लेप तीच देते, जमिनीतून उगवलेल्या योद्ध्यांमध्ये दगड टाकून त्यांना आपसांत लढव हा सल्लाही तिचाच.

मग ही बाई खलनायिका कधी झाली? युरोपात पंधराव्या शतकापासून चेटकिणींवर खटले सुरू झाले, खटले कसे चालवावेत याची पुस्तकं छापली गेली, आणि रानात एकटी राहणारी म्हातारी हे चित्र पक्कं झालं. ग्रिम बंधूंच्या संग्रहात (पहिला खंड 1812) जादू आणि हुशारी यांची वाटणी झालेली स्पष्ट दिसते. ‘हेन्सेल आणि ग्रेटेल’च्या गोष्टीतली ग्रेटेल हुशार, पण जादू शून्य. त्या भावंडांना कोंडणाऱ्या म्हातारीकडे जादू, पण डोळे अधू, म्हणून खाण्याजोगा जाड झालाय का हे चाचपताना मुलाने बोटाऐवजी हाडूक पुढे केलं तरी तिला कळत नाही. त्याच संग्रहातल्या रोलंडच्या गोष्टीत मात्र जुनी नायिका डोकावतेच. ती सावत्र आईची जादूची कांडी पळवते आणि मागे रक्ताचे तीन थेंब ठेवते. आईने हाक मारली की एक थेंब म्हणतो, जिन्यावर झाडतेय. दुसरा म्हणतो, स्वयंपाकघरात शेकतेय. तिसरा म्हणतो, झोपलेय. रूपशिखेचीच युक्ती.

चांगली चेटकीण उघडपणे परत आली ती 1900 साली, अमेरिकेतल्या एल. फ्रँक बाऊमच्या ओझच्या गोष्टीत. त्याची सासू माटिल्डा गेज हिने 1893 मध्येच लिहिलं होतं, की चेटकीण ठरवून छळलेल्या बायका म्हणजे त्या काळच्या जाणत्या बायका. हिरवा चेहरा मात्र पुस्तकातला नाही, तो 1939 च्या रंगीत चित्रपटाने दिला. आपल्याकडे स्नेहसंमेलनात अजून हिरवा रंग फासतात, त्याचं मूळ हे.

मराठी रंगमंचावर 1959 मध्ये सुधा करमरकरांनी रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ केलं, त्यात चेटकीण त्या स्वतःच होत्या. मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, आणि 2018 च्या नव्या प्रयोगांत वैभव मांगले यांनी. पुरुष नटाने केल्यामुळे तिची भीती कमी आणि गंमत जास्त झाली. नाटकात ती हरते, पण मुलं घरी येऊन नक्कल करतात ती तिचीच. नायिकेची अर्धी तयारी इथेच झाली, असं म्हणायला हरकत नाही.

एका बाबतीत ठाण्यातल्या मंडळींनी हात राखून काम करावं. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे 2014 पासून पालघरमध्ये गेलेल्या भागातल्याही, आदिवासी पाड्यांवर बाईला भुताळी ठरवून छळण्याचे प्रकार घडलेले आहेत. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा छळाला शिक्षा आहे. तेव्हा भगत, लिंबू, बाहुली, अंगारा यांपैकी काहीही मंचावर आणू नये. परीकथेची चेटकीण परीकथेतलीच राहू द्यावी.

रूपशिखेची गोष्ट बसवायची तर खरे तीळ वापरू नयेत. पायाखाली येतात, मूल घसरतं. जाळीच्या कापडावर काळे तुकडे शिवून ते दोरीने विंगेत ओढलं की मुंग्यांनी दाणे नेल्यासारखं दिसतं. नदीसाठी पाच-सहा मीटर निळं सॅटिन पुरतं. एका टोकाच्या मुलाने हलवायचं, दुसऱ्याने स्थिर धरायचं. दोघांनी हलवलं की लाटा एकमेकींत मोडतात. आगीसाठी नारिंगी कापडाच्या हातभर पट्ट्या, खालून पंखा आणि दिवा. पट्ट्या लांब ठेवल्या तर पंख्यात गुंततात. नायिकेला चिकटवलेलं वाकडं नाक देऊ नये. घामाने ते सुटतं, आणि तोंडाजवळच्या माइकला लागून खरखर होते ती वेगळीच.

वेषांतर विंगेत नको, सगळ्यांसमोर व्हावं. लाकूडतोड्याचं मुंडासं तिने मुलांच्या डोळ्यांदेखत बांधलं, तरच राक्षस आल्यावर पुढच्या रांगा ओरडतात, “तीच आहे ती!” या आरडाओरड्यात पुढचं वाक्य बुडतं. म्हणून राक्षसाच्या नटाकडे दोन-तीन जादा वाक्यं तयार हवीत. “काय म्हणता? मी मेलो? अरे देवा, घरी कळवलं का कुणी?” एवढं पुरतं. गलका ओसरेपर्यंत लाकूडतोड्याने मान खाली घालून लाकडं फोडत राहायचं.