महिन्यातला दुसरा शनिवार आणि एक शनिवार आड

‘दर दुसऱ्या शनिवारी, सकाळी १०.’ सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या जॉबच्या यादीत हे वाक्य दिसलं की मी विचारतो, म्हणजे नक्की कधी? समोरचा म्हणतो, ‘लिहिलंय की!’ लिहिलंय खरं, पण त्या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही अर्थांचे जॉब मी चालताना पाहिलेत.

एसक्यूएल सर्व्हर एजंटमध्ये, म्हणजे त्या डेटाबेसचे जॉब वेळेवर चालवणाऱ्या भागात, जॉब कसा बनवायचा, स्टेप कशी जोडायची, हे तुम्हाला येतं असं धरतो. वेळ ९३००० अशी दिसली की ती साडेनऊची, जॉब चालू असला तरी त्याचं शेड्यूल वेगळं बंद असू शकतं, एकच शेड्यूल चार जॉबना लागलेलं असू शकतं, हे सगळं एकदा ठेच लागली की कायमचं लक्षात राहतं. हा शनिवारचा घोळ मात्र माणसं वर्षानुवर्षं घालतात, कारण तो बरेच दिवस बरोबर चालतो.

एजंटच्या दृष्टीनं या दोन अगदी वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. ‘एक शनिवार आड’ हे वीकली शेड्यूल. एजंटची माहिती ठेवणाऱ्या एमएसडीबी डेटाबेसातल्या सिसशेड्यूल्स टेबलात त्याचा फ्रीक टाइप, म्हणजे शेड्यूलचा प्रकार, ८, फ्रीक इंटरव्हल ६४ म्हणजे शनिवार, आणि रिकरन्स फॅक्टर २ म्हणजे दर दोन आठवड्यांनी. ‘महिन्यातला दुसरा शनिवार’ हे मंथली रिलेटिव्ह. त्याचा फ्रीक टाइप ३२, फ्रीक इंटरव्हल ७ (इथं शनिवार ७ असतो), रिलेटिव्ह इंटरव्हल २ म्हणजे दुसरा, आणि रिकरन्स फॅक्टर १ म्हणजे दर महिन्याला. दोन्हीकडे एक २ आहे, पण वेगवेगळ्या कॉलममध्ये. पहिला २ मागच्या खेपेपासून आठवडे मोजतो. दुसरा मागचं काहीच बघत नाही, दर महिन्याच्या १ तारखेला पाटी कोरी करून शनिवार मोजायला बसतो.

आता २०२५चं कॅलेंडर काढा. ११ जानेवारी हा महिन्यातला दुसरा शनिवार. तिथून चौदा-चौदा दिवस मोजा: २५ जानेवारी, ८ फेब्रुवारी, २२ फेब्रुवारी, ८ मार्च, २२ मार्च. हे सगळे दुसरे आणि चौथे शनिवार आहेत, बँकांच्या सुट्टीचे. सहाच्या सहा खेपा अचूक. आणि सातवी? ५ एप्रिल, पहिला शनिवार. मार्चमध्ये पाच शनिवार होते, त्या पाचव्यानं गाडी रुळावरून उतरवली.

हे मी कागदावर शोधलेलं नाही. एका सहकारी बँकेचा सर्व्हर बदलायचा होता. १ सप्टेंबर २०१५पासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, म्हणून इंडेक्स रिबिल्डचा, म्हणजे टेबलांचे इंडेक्स नव्यानं बांधण्याचा, जॉब त्याच दिवशी सकाळी १० वाजता लावलेला. जुन्या सर्व्हरवर त्याला दोन शेड्यूल होती, एक दुसऱ्याचं आणि एक चौथ्याचं, कारण एजंटच्या खिडकीत एका शेड्यूलला यांतला एकच निवडता येतो. यादी करणाऱ्यानं दोन ओळी पाहिल्या, ‘म्हणजे एकाआड एक’ असं मनाशी ठरवलं आणि एका ओळीत ‘दर दुसऱ्या शनिवारी’ लिहून मोकळा झाला. नव्या सर्व्हरवर जॉब त्या यादीवरून हातानं बनवले. वीकली, दोन आठवड्यांनी, ११ जानेवारीपासून. मी हिस्टरीतल्या हिरव्या खुणा बघून खूश होतो. ५ एप्रिलला सव्वादहाला फोन आला, ‘साहेब, काउंटरला लाइन लागलीय, एंट्री पुढं सरकत नाही.’ एसक्यूएल सर्व्हरची स्टँडर्ड एडिशन, त्यामुळे रिबिल्ड ऑफलाइन, त्यामुळे टेबल लॉक. जॉबनं बिचाऱ्यानं सांगितलं तेच केलं होतं. हिस्टरीत त्या दिवशीही खूण हिरवीच.

हे वाक्य बिघडतं कुठं, तेही पाहण्यासारखं आहे. शेड्यूलच्या खिडकीत तळाशी एजंट स्वतःच इंग्रजीत वर्णन लिहितो. वीकलीला ‘ऑकर्स एव्हरी २ वीक(स) ऑन सॅटरडे’, मंथलीला ‘ऑकर्स एव्हरी सेकंड सॅटरडे ऑफ एव्हरी १ मंथ(स)’. ते ‘१ मंथ’वालं शेपूट बेंगरूळ दिसतं म्हणून लोक ते छाटतात. उरतं ‘एव्हरी सेकंड सॅटरडे’, आणि इंग्रजीतही त्याचे दोन अर्थ होतात. मग मराठीत ‘दर दुसऱ्या’ येतं आणि घोळ पक्का होतो. यादी सुबक दिसावी म्हणून अर्थाचा बळी देणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो.

खरं तर आपल्याकडे यासाठी नेमके शब्द आहेत. ‘दिवसाआड पाणी’ म्हटलं की नळ कधी येणार ते गल्लीत प्रत्येकाला कळतं. डेली शेड्यूलला इंटरव्हल २ असेल तर ‘दिवसाआड’ लिहा. ३ असेल तर ‘दोन दिवसाआड’, कारण मध्ये दोन दिवस मोकळे जातात. इथं काही जण २चा आकडा बघून ‘दोन दिवसाआड’ लिहितात, मग वाचणारा एक दिवस जास्त थांबतो.

आणि ‘दर पंधरा दिवसांनी’ हे यादीत कृपा करून लिहू नका. बोलण्यात ‘आठ दिवसांनी ये’ म्हणजे पुढच्या त्याच वारी, आणि ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे दोन आठवड्यांनी, हे आपल्या अंगवळणी पडलंय. एजंटच्या नाही. कुणी प्रामाणिकपणे डेली शेड्यूलला १५ घातले, तर ११ जानेवारीच्या शनिवारनंतरची खेप २६ जानेवारीच्या रविवारी येते आणि त्यापुढची १० फेब्रुवारीला, सोमवारी, ऐन कामाच्या दिवशी.

आकड्यांवरून वाक्य बनवणारी क्वेरी तुम्ही स्वतः लिहिली असेल तर आणखी एक खड्डा आहे. फ्रीक इंटरव्हल हा कॉलम एकच, पण वीकलीत वार दुपटीनं चढतात: रविवार १, सोमवार २, मंगळवार ४, बुधवार ८, असं करत शनिवार ६४, आणि अनेक वार असतील तर त्यांची बेरीज. मंथली रिलेटिव्हमध्ये मात्र साधे क्रमांक: रविवार १, सोमवार २, मंगळवार ३, शनिवार ७, आणि पुढं ८ म्हणजे कोणताही दिवस. रविवार आणि सोमवार दोन्हीकडे सारखेच! आपण चाचणी घेतो ती हमखास रविवारच्या बॅकअपवर. सगळं बरोबर छापून येतं. मग एके दिवशी मंथलीतला ५, म्हणजे गुरुवार, ‘रविवार आणि मंगळवार’ असा छापला जातो आणि आपण दोष एजंटला देतो.

‘चौथा’ आणि ‘शेवटचा’ एकच समजणाऱ्यांसाठी ऑगस्ट २०२५ पुरेसा आहे: चौथा शनिवार २३ला, शेवटचा ३०ला. लिनक्सवर जॉब वेळेवर चालवतो त्या क्रॉनवाल्यांनीही फार हसू नये. तिथं ८ ते १४ तारीख आणि शनिवार असं एकाच ओळीत लिहिलं, तर दुसरा शनिवार मिळत नाही. ८ ते १४ रोज, वर प्रत्येक शनिवारी, असा जॉब चालतो.

जॉबची स्क्रिप्ट काढून वर्डमध्ये चिकटवणं याला मी डॉक्युमेंटेशन म्हणत नाही. ती सर्व्हरसाठी असते. खिडकीच्या स्क्रीनशॉटचं तर नावच काढू नका, त्यात शोधताही येत नाही. माझ्या यादीत प्रत्येक जॉबला एक मराठी वाक्य असतं आणि त्याच्यापुढं येणाऱ्या तारखा, त्याही पाच शनिवारांचा एखादा महिना ओलांडेपर्यंत. आठवडे मोजणाऱ्या शेड्यूलला सुरुवातीची तारीख लिहिल्याशिवाय मी ओळ पुरी धरत नाही. ती नसेल तर कोणता शनिवार कामाचा आणि कोणता मोकळा, हे सांगता येत नाही, आणि नव्या सर्व्हरवर ती तारीख दिली नाही तर एजंट सरळ त्या दिवसाची धरतो.

त्या बँकेच्या यादीत आता असं आहे: ‘इंडेक्स रिबिल्ड. महिन्यातला दुसरा शनिवार आणि महिन्यातला चौथा शनिवार, सकाळी १०. शेड्यूल दोन. पाचव्या शनिवारी चालत नाही. पुढच्या तारखा: १२ एप्रिल, २६ एप्रिल, १० मे, २४ मे, १४ जून.’ मे २०२५मध्ये पाच शनिवार होते, म्हणून जूनची तारीख मुद्दाम घातली. शाखेच्या मॅनेजरनं ती ओळ कॅलेंडरशी ताडून पाहिली आणि १४ जूनवर पेन्सिलीनं गोल केला.