गोल कमान सॅक्सन की नॉर्मन?

इंग्लंडमधल्या खेड्यात जुन्या पॅरिश चर्चच्या दारावर गोल कमान दिसली की बहुतेक लोक ‘नॉर्मन’ म्हणून मोकळे होतात. बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथले अँग्लो-सॅक्सन दगडी चर्च बांधत होते आणि तेही कमान गोलच काढत. टोकदार कमानी आल्या बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे नुसत्या गोलाईवरून काहीच ठरत नाही.

माझं मत असं, की दार नंतर पाहावं; आधी इमारतीला बाहेरून फेरी मारून कोपरे पाहावेत. नॉर्मन कोपऱ्यात मध्यम मापाचे, एकसारखे घडवलेले दगड सरळ थरांत बसवलेले असतात. सॅक्सन कोपरा वेगळाच. नॉर्दम्प्टनशरमधल्या अर्ल्स बार्टनचा दहाव्या शतकाच्या अखेरचा मनोरा पाहा. कोपऱ्यात एक लांब दगड उभा केलेला, त्यावर एक चपटा दगड आडवा, पुन्हा उभा, पुन्हा आडवा, असं वरपर्यंत. शिवाय मनोऱ्याच्या अंगावर दगडाच्या अरुंद उभ्या पट्ट्या, मधेमधे त्रिकोण आणि अर्धवर्तुळं. लाकडी चौकटीचं घर दगडात उतरवल्यासारखं. नॉर्मन मनोऱ्यावर अशी नक्षी दिसत नाही.

मग खिडकी. काच किंवा झडप भिंतीच्या मधोमध असेल आणि झरोका आत आणि बाहेर, दोन्हीकडे रुंदावत असेल, तर काम बहुधा उशिराच्या सॅक्सन काळातलं. नॉर्मन खिडकी बाहेरच्या अंगाला अरुंद असते आणि फक्त आत रुंदावते. मात्र सुरुवातीच्या सॅक्सन खिडक्याही अशाच एकतर्फी आहेत, त्यामुळे ही खूण एकटी पुरत नाही.

कमानीतही फरक आहेच. सॅक्सन गवंडी पुष्कळदा भिंतीच्या पूर्ण जाडीइतका दगड आरपार घालत. नॉर्मन कमान एकात एक, मागे सरकत जाणाऱ्या कड्यांची. आणि बाराव्या शतकात त्या कड्यांवर नागमोडी नक्षी आणि चोची रोवलेली पक्ष्यांची डोकी येतात. ऑक्सफर्डजवळच्या इफ्लीचं पश्चिमेचं दार या कामाने नुसतं भरून गेलंय.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचं वाटतं ते डरहॅम परगण्यातलं एस्कम. सातव्या शतकातलं हे लहानसं चर्च: उंच, अरुंद, खिडक्या बारीक. दगड जवळच्या बिन्चेस्टरच्या रोमन किल्ल्यातून आणलेले. एका दगडावर रोमन सैन्याच्या सहाव्या लीजनची अक्षरं आहेत, तीही उलटी. वेदीसमोरची कमानसुद्धा त्या किल्ल्यातून तशीच उचलून आणली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. तसं असेल तर सॅक्सन चर्चमधली ही गोल कमान मुळात रोमन ठरते. गोलाईचा उगम तिथेच. सॅक्सन आणि नॉर्मन दोघांनीही ती रोमकडूनच घेतली.

सॅक्सन आणि नॉर्मन कामातला हा भेद पद्धतशीर मांडला तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला थॉमस रिकमन या वास्तुरचनाकाराने. हंबर नदीकाठच्या बार्टनमधल्या (हे अर्ल्स बार्टन नव्हे) सेंट पीटर्स चर्चच्या मनोऱ्याचा वरचा मजला त्याला नॉर्मन धाटणीचा वाटला आणि खालचे पट्टीदार मजले निराळ्या धाटणीचे. वरचं बांधकाम खालच्याआधी होणं शक्य नाही, म्हणून खालचं नॉर्मनांच्या आधीचं. किती साधा आणि पक्का तर्क!

तरीही १०६६ ची रेघ दगडात तितकी स्वच्छ उमटलेली नाही. जमीनदार बदलले, पण गावचे गवंडी तेच राहिले आणि काही दशकं सवयीच्याच पद्धतीने बांधत राहिले. अशा कामाला अभ्यासक सॅक्सो-नॉर्मन म्हणतात. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या एखाद्या चर्चला कुणी ठामपणे एकाच बाजूला टाकलं, तर त्याला लेखी नोंदीचा आधार आहे की फक्त दगडांच्या धाटणीचा, हे जरूर विचारावं.