न्यूझीलंडमधील परकी हेरगिरी व हस्तक्षेप

परक्या सरकारांनी न्यूझीलंडच्या भूमीवर केलेली गुप्त माहितीची चोरी व घातपात, तसेच तेथील राजकारण, विद्यापीठे आणि स्थलांतरितांचे समाज छुप्या मार्गांनी आपल्या बाजूला वळवण्याचे प्रयत्न. जेमतेम ५० लाख वस्तीच्या, सर्वांपासून दूर असलेल्या या देशात हेरांना काय मिळणार, असे वाटणे साहजिक आहे. पण अमेरिका, ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलिया यांच्याबरोबर न्यूझीलंड ‘फाइव्ह आइज’ या गुप्तवार्तांच्या देवाणघेवाणीच्या गटात आहे. म्हणजे वॉशिंग्टन आणि लंडनच्या कागदांपर्यंत वेलिंग्टनहूनही वाट जाते. शिवाय पॅसिफिकमधील लहान बेटराष्ट्रांवर या देशाचे वजन आहे.

१९५४ मध्ये कॅनबेरातील सोव्हिएत वकिलातीत अधिकारी म्हणून वावरणारा हेर व्लादिमिर पेत्रोव्ह ऑस्ट्रेलियाच्या आश्रयाला गेला. त्याने उघड केलेल्या गोष्टींनी न्यूझीलंडही सावध झाला आणि १९५६ मध्ये तेथे स्वतंत्र सुरक्षा गुप्तवार्ता सेवा स्थापन झाली. बोलताना तिला ‘एसआयएस’ म्हणतात. शीतयुद्धातील तिचे सर्वांत गाजलेले प्रकरण बिल सच यांचे. हे नामवंत अर्थतज्ज्ञ व निवृत्त वरिष्ठ सरकारी अधिकारी. सप्टेंबर १९७४ मध्ये वेलिंग्टनच्या आरो व्हॅली भागात, रात्री, एका सोव्हिएत मुत्सद्द्याला भेटताना त्यांना पकडण्यात आले. पुढच्या वर्षी ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले आणि काही महिन्यांतच ते वारले. ते खरोखर हेर होते का, हा वाद अजून मिटलेला नाही. १९८० मध्ये सोव्हिएत राजदूत सोफिन्स्की यांची हकालपट्टी झाली. स्थानिक सोव्हिएतधार्जिण्या पक्षाला त्यांनी पैसे पोचवल्याचा आरोप होता.

एवढी नजर मॉस्कोवर असताना सर्वांत मोठा घाव मात्र मित्रराष्ट्राने घातला. पॅसिफिकमधील मुरुरोआ बेटावरील फ्रान्सच्या अणुचाचण्यांना विरोध करायला निघालेले ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचे ‘रेनबो वॉरियर’ हे जहाज ऑकलंडच्या मार्सडेन धक्क्याला लागले होते. १० जुलै १९८५ च्या रात्री जहाजाच्या तळाला लावलेले दोन बॉम्ब काही मिनिटांच्या अंतराने फुटले. जहाज बुडाले आणि फर्नांडो परेरा हा छायाचित्रकार मरण पावला. हे काम डीजीएसई या फ्रेंच हेरखात्याचे होते. त्याची एक हस्तक काही महिने आधी स्वयंसेविका म्हणून ग्रीनपीसच्या ऑकलंड कार्यालयात काम करून गेली होती. कट सुटला तो कोणत्याही हेरखात्यामुळे नव्हे. होड्यांच्या चोऱ्या होत असल्याने किनाऱ्यावर पहारा देणाऱ्या नागरिकांना एक रबरी होडी आणि तिची वाट पाहत उभी असलेली गाडी संशयास्पद वाटली आणि त्यांनी गाडीचा नंबर टिपून ठेवला. गाडी भाड्याची निघाली. ती परत करायला आलेले ‘स्विस नवदांपत्य’ म्हणजे आलँ माफार आणि डोमिनिक प्रिअर हे फ्रेंच अधिकारी होते.

पॅरिसने आधी कानावर हात ठेवले. सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्री शार्ल एर्न्यू यांना राजीनामा द्यावा लागला आणि पंतप्रधान फाबियुस यांनी कबुली दिली. दोघा अधिकाऱ्यांना सदोष मनुष्यवधाबद्दल १० वर्षांची शिक्षा झाली. पण न्यूझीलंडचे लोणी युरोपच्या बाजारात जाते आणि तिथे फ्रान्सचा शब्द चालतो, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांच्या मध्यस्थीने तोडगा निघाला: फ्रान्सने माफी मागावी, ७० लाख अमेरिकी डॉलर द्यावेत, लोण्याच्या आयातीत आडकाठी करू नये आणि दोघांनी तीन वर्षे हाओ या फ्रेंच प्रवाळबेटावर राहावे. ती तीन वर्षेही पुरी झाली नाहीत. १९८८ च्या मेपर्यंत दोघेही मायदेशी परतले होते. फ्रान्सने करार मोडल्याचा निवाडा लवादाने १९९० मध्ये दिला.

२००४ मध्ये दोन इस्रायली नागरिकांना एका अपंग न्यूझीलंडवासीयाच्या नावे पासपोर्ट मिळवण्याच्या प्रयत्नाबद्दल तुरुंगवास झाला. पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी उच्चस्तरीय संबंध गोठवले. वर्षभराने इस्रायलने दिलगिरी व्यक्त केली.

अलीकडची चर्चा मुख्यतः चीनभोवती फिरते आणि तिथे बॉम्ब किंवा खोटे पासपोर्ट असे हाती धरण्याजोगे काही नसते. २०१७ मध्ये कँटरबरी विद्यापीठाच्या अॅन-मरी ब्रेडी यांनी चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या प्रभावतंत्रावर निबंध प्रसिद्ध केला. त्याच महिन्यात नॅशनल पक्षाचे खासदार जियान यांग यांनी पूर्वी चिनी लष्कराशी संलग्न संस्थांत शिकवल्याचे वृत्तपत्रांनी उघड केले. आपण हेर असल्याचा त्यांनी इन्कार केला. २०२० मध्ये ते संसदेतून निवृत्त झाले. २०१९ मध्ये परदेशी राजकीय देणग्यांची मर्यादा १५०० न्यूझीलंड डॉलरवरून ५० डॉलरवर आणली गेली. २०२१ मध्ये संसदेशी संबंधित संगणकयंत्रणांत झालेल्या घुसखोरीचा ठपका सरकारने मार्च २०२४ मध्ये चीनपुरस्कृत गटावर ठेवला. बीजिंगने तो फेटाळला. अशा छुप्या हस्तक्षेपाचा खरा जाच परदेशस्थ चिनी व इतर समाजांना होतो: कोण कोणत्या सभेला गेले यावर पाळत ठेवली जाते, मायदेशातील नातेवाइकांवर दबाव येतो.

न्यूझीलंड केवळ सावज आहे असे मात्र नाही. परक्यांचे दळणवळण टिपणाऱ्या त्याच्या जीसीएसबी या सरकारी गुप्तवार्ता संस्थेने पॅसिफिकमधील शेजाऱ्यांचे दळणवळण टिपल्याचे अमेरिकी गुप्तवार्ता संस्थेचा माजी कंत्राटी कर्मचारी एडवर्ड स्नोडेन याने फोडलेल्या कागदपत्रांच्या आधारे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

जुना कायदा सरकारी गुपिते फोडण्याभोवती बेतलेला होता. एखाद्या समाजसंस्थेला धमकावून गप्प बसवणे त्यात नीट बसत नसे. ही पोकळी भरण्यासाठी २०२४ मध्ये परकी हस्तक्षेपाला स्वतंत्र गुन्हा ठरवणारे विधेयक आले. त्यातील व्याख्या फार सैल असल्याची टीका झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये लष्करी न्यायालयाने हेरगिरीच्या प्रयत्नाबद्दल एका सैनिकाला दोन वर्षांची लष्करी कैद दिली. ज्याला तो परक्या देशाचा माणूस समजत होता, तो खोटी ओळख घेतलेला न्यूझीलंडचाच अधिकारी होता. तो देश कोणता, हे न्यायालयाने जाहीर होऊ दिले नाही.