तांब्याचा भबका आतून का घासायचा?

दिंडोरीकडच्या एका वाइनरीत ब्रँडीचा भबका धुताना पाहिला, तेव्हा द्राक्षांचा हंगाम संपत आला होता. कामगाराने लांब दांड्याला पांढरं फडकं गुंडाळलं, भबक्याच्या मानेतून आत फिरवलं आणि बाहेर काढून माझ्यापुढे धरलं. काजळीसारखं काळं! आत काही जळलंय का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "जळलं नाही सर, गंधक आहे. बागेतला."

उत्तर ऐकून मी चक्रावलो. नंतर विचार केला तेव्हा ते बरंचसं खरं निघालं.

भबका म्हणजे अर्क काढायचं भांडं. खाली वाइन उकळायची, तिची वाफ वरच्या बाकदार मानेतून नळीत न्यायची, नळी थंड पाण्यात बुडवून ठेवायची आणि पलीकडून निघणारा द्रव गोळा करायचा. शाळेत याला ऊर्ध्वपातन म्हणतात. (घरी दारू गाळण्यासाठी हा उद्योग केला तर १९४९च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा होतो. वाइनरीकडे परवाना असतो.)

आता बागेतला गंधक इथे कसा पोचला ते पाहू. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होते आणि थंडी पडली की द्राक्षावर भुरी नावाची बुरशी येते, पानांवर-मण्यांवर पीठ सांडावं तशी. तिच्यावरचा सगळ्यात जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे गंधक. काढणीआधी तो मारणं थांबवतात, पण सालीवर थोडा जरी उरला तरी रसात उतरतो. रस आंबताना यीस्ट त्याचं हायड्रोजन सल्फाइड करतं, म्हणजे कुजक्या अंड्याचा वास. (खाद्यात नायट्रोजन कमी पडलं तर यीस्ट गंधकाची फवारणी नसतानाही हा वायू सोडतं, तेव्हा सगळा दोष बागायतदाराचा नाही.) आपलं नाक या बाबतीत भलतंच तिखट असतं. लिटरभर वाइनमध्ये एक-दोन मायक्रोग्रॅम असला तरी तो वास कळतो.

याचाच एक भाऊबंद म्हणजे एथिल मर्कॅप्टन. त्याचा वास घराघरात ओळखीचा आहे, कारण गळती कळावी म्हणून सिलिंडरच्या गॅसमध्ये तो मुद्दाम मिसळतात. तो ३५ अंशांना उकळतो, अल्कोहोल ७८ अंशांना, आणि नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने पाणी इथे ९८च्या आसपास. म्हणजे भबका तापला की सगळ्यांच्या आधी वर चढणारी मंडळी हीच. उकळून ती जातील ही आशा फोल आहे. उलट अर्काबरोबर तीही दाटतात.

इथे तांबं उपयोगी पडतं. भबका तांब्याचा का, याचं नेहमीचं उत्तर 'उष्णता चांगली पसरते' असं असतं, आणि ते खोटं नाही. तांबं स्टेनलेस स्टीलपेक्षा पंचवीसेक पट जास्त उष्णता वाहून नेतं. पण आज भबके पाण्याच्या वाफेवर तापवतात, तेव्हा त्यावाचून अडत नाही. तांबं हवं असतं ते गंधकासाठी. वाफ तांब्याला घासून जाताना हायड्रोजन सल्फाइड तांब्याशी जोडला जातो, काळं कॉपर सल्फाइड बनून भिंतीवर बसतो आणि बाटलीपर्यंत पोचत नाही. भांडं स्वतःच औषध झालं म्हणा ना. फडक्यावर आलं होतं ते हेच.

आणि औषध म्हटलं की ते संपतंही. काळा थर जमला की खालच्या तांब्याची आणि वाफेची गाठच पडत नाही. मग भबका बाहेरून कितीही झळकत असला तरी आतून तो नुसता एक डेचका. म्हणून घासायचं ते आतून. बाहेरची चकाकी पाहुण्यांसाठी असते.

घासायचं कशाने, हा प्रश्न नाशिककराला सोपा वाटेल. तांबट लेनच्या गावात चिंचेने घागर उजळायला कोणाला शिकवायचं? चिंचेतलं, लिंबातलं आम्ल तांब्यावरचा तपकिरी ऑक्साइडचा थर आणि हिरवा जंगाल विरघळवतं, खाली लालभडक धातू दिसतो. पण काळं सल्फाइड अशा सौम्य आम्लाला दाद देत नाही. त्याला ब्रश लागतो. शिवाय वाइनमधली यीस्टची मेलेली पेशी आणि तिच्यातली स्निग्ध आम्लं तांब्याशी मिळून हिरवट, साबणासारखा चिकटा धरतात. तो गरम कॉस्टिक सोड्याने सुटतो. म्हणून आधी कॉस्टिक, मग भरपूर पाणी, मग कोमट सायट्रिक आम्ल, मग पुन्हा पाणी. मधलं पाणी चुकवलं तर सोडा आणि आम्ल एकमेकांना मारून टाकतात, वर उष्णता सुटते. शेवटचं पाणी चुकवलं तर पुढच्या घाण्याचा पहिला अर्क निळसर येतो, कारण विरघळलेलं तांबं त्यात उतरतं.

घासण्याची हौस मात्र आवरावी लागते. प्रत्येक वेळी निघालेल्या काळ्या थरात भबक्याचं स्वतःचं तांबं असतं. वाफ जिथे जास्त घासते, त्या खांद्याशी आणि मानेशी पत्रा आधी पातळ होतो, आणि कधीतरी तो भाग कापून नवा जोडावा लागतो. म्हणून काही जण दोन घाण्यांच्या मध्ये भबका नुसता उघडा ठेवून हवा खाऊ देतात. मला हा आळस शहाणपणाचा वाटतो.

धुताना सगळ्यात मोठा धोका रसायनांचा नसून घाईचा आहे. एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरहून जास्त जागा व्यापते. बंद, गरम भबक्यात गार पाण्याचा फवारा मारला की ती वाफ क्षणात पाणी होते, आत पोकळी पडते आणि बाहेरची हवा दर चौरस मीटरला दहा टनांच्या आसपास दाब देत भांड्याचा चेंडू चेपावा तसा चेपते. झाकण आधी उघडायचं आणि निवू द्यायचं, एवढंच.

नळी थंड ठेवणाऱ्या पाण्याचं दुखणं वेगळं. बोअरचं पाणी जड असेल तर तापल्यावर त्यातला चुना नळीवर पांढरा थर धरतो आणि थंडावा आत पोचेनासा होतो. त्यावरही सायट्रिकच चालतं, फसफसून निघतो. येवल्याकडे जिरेनियमचं तेल काढणाऱ्यांच्या स्टीलच्या टाक्यांना तर आधीच्या पिकाचा वासच पुरून उरतो. तिथे नुसती वाफ सोडून टाकी रिकामीच चालवावी लागते. स्टीलला मीठाचं आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक, कधी लावू नये. त्यातलं क्लोराइड पत्र्याला बारीक छिद्रं पाडतं.

त्या दिवशी सायट्रिकचं शेवटचं पाणी खालच्या तोटीतून निळसर-हिरवं आलं. माझ्याबरोबरचे बागायतदार काका ते पाहून हसले, "हे तर बोर्डो झालं की! चुना टाकून डावणीवर मारू का?" रंगावरून चूक होणं साहजिक होतं. बोर्डो मिश्रण, म्हणजे डावणी या द्राक्षाच्या बुरशीजन्य रोगावर मारायचं औषध, त्यातही मोरचुदातलं तांबंच असतं. पण तिथला चुना त्या तांब्याला बांधून ठेवतो, ते पानावर हळूहळू आणि अगदी थोडं सुटतं. सायट्रिक आम्ल याच्या उलट वागतं. ते तांब्याला कवेत घेऊन विरघळलेलंच ठेवतं, म्हणून त्यात चुना टाकला तरी ते सहज खाली बसत नाही, आणि असं मोकळं तांबं पानावर पडलं की पान करपतं. काकांनी मान हलवली. कामगाराने तोवर तोटीखाली ड्रम सरकवला होता, आणि पाणी बागेकडे न जाता सांडपाण्याच्या टाकीकडे निघालं.