हृदयविकारानंतरचा व्यायाम : खाटेवरून केंद्रात, केंद्रातून घरी

हृदयविकाराच्या झटक्यानंतर सहा आठवडे अंथरुणातून उठायचे नाही, हा दंडक विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाळला जाई. त्याला आधारही होता. १९३९ मध्ये बोस्टनच्या मॅलरी, व्हाइट व साल्सेडो-साल्गार या डॉक्टरांनी शवविच्छेदनांवरून दाखवले, की हृदयस्नायूच्या मेलेल्या भागात व्रण पक्का व्हायला साधारण तेवढाच काळ लागतो. पण पडून राहिल्याने पायांच्या शिरांत गुठळ्या होत आणि त्या फुफ्फुसात जाऊन माणसे दगावत. १९५२ मध्ये लेव्हिन व लाऊन या डॉक्टरांनी ८१ रुग्णांना लवकर आरामखुर्चीत बसवले: पाय खाली सोडले की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, भार हलका होतो. पुढे डॅलसमध्ये १९६६ साली पाच निरोगी तरुणांना वीस दिवस झोपवून ठेवले, तर प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता सरासरी २७ टक्क्यांच्या आसपास घसरली.

मग व्यायाम केंद्रे आली. ईसीजीवर नजर, शेजारी डिफिब्रिलेटर, म्हणजे विजेचा झटका देऊन हृदयाचे ठोके पूर्ववत करणारे यंत्र. अमेरिकेत साधारण १२ आठवड्यांत ३६ सत्रे. व्यवस्था उत्तम, पण आठवड्यातून तीनदा तिथवर जाणार कोण? अंतर आणि कामाच्या वेळा यांमुळे बहुतेक रुग्ण बाहेरच राहिले, आणि आमच्या मते केंद्रांचे खरे अपयश हेच.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉ. डीबस्क यांनी १९८०च्या दशकात घरी व्यायाम करणाऱ्यांचा ईसीजी टेलिफोनवरून मागवला. १९९२ मध्ये एडिंबरामधून घरी वापरायची सहा आठवड्यांची 'हार्ट मॅन्युअल' पुस्तिका आली. २०२०च्या कोविड टाळेबंदीत तर केंद्रेच बंद पडली. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३च्या आढाव्यात (२४ चाचण्या, ३,०४६ रुग्ण) घरच्या आणि केंद्रातल्या पुनर्वसनात मृत्यू, व्यायामक्षमता व जीवनमान यांत ठळक फरक दिसला नाही. मात्र या चाचण्यांत कमी जोखमीचेच रुग्ण जास्त होते. हृदयाची पंपिंग क्षमता ४० टक्क्यांखाली असेल, व्यायामात ठोके बिघडत असतील किंवा थोड्याच श्रमात छाती दुखत असेल, तर सुरुवात केंद्रातच व्हावी.

घरी सर्वाधिक चुकते ते ठोक्यांचे लक्ष्य. '२२० वजा वय' हे कमाल ठोक्यांचे सूत्र बीटा ब्लॉकर गोळी घेणाऱ्याला लागू पडत नाही. गोळीने नाडी मंदावलेली असते, ते लक्ष्य गाठायच्या नादात श्रम अति होतात. अशांनी स्वीडनच्या बोर्ग यांची, श्रम किती जाणवतात ते स्वतःच आकड्यात सांगण्याची ६ ते २० ची श्रमपट्टी वापरावी: ११ ते १३, म्हणजे चालता चालता पूर्ण वाक्य बोलता यावे. क्षमता किती सुधारली हे पाहण्याच्या, सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीला ३० मीटर सरळ जागा लागते. ती घरात नसेल, तर खुर्चीतून उठ-बस मोजावी, पण दर वेळी त्याच उंचीच्या खुर्चीवर, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही.