फ्रान्सिस बेकन रेखाटनं करतच नव्हता?

ब्रिटिश चित्रकार फ्रान्सिस बेकन थेट कॅनव्हासवर रंग लावायचा, आधी रेखाटन कधीच करत नसे, असं आजही सर्रास सांगितलं जातं. ही समजूत पसरवली खुद्द बेकननेच, मुलाखतींतून. १९९२ मध्ये तो गेला. पुढे लंडनमधला त्याचा स्टुडिओ डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीत हलवला, तेव्हा ७,००० हून अधिक वस्तूंची नोंद झाली. त्यांत रेखाटनं निघाली, रंगाने माखलेले, मुद्दाम दुमडलेले फोटो निघाले, पुढच्या चित्रांच्या कल्पना हाताने टिपलेली पानंही. लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाकडेही त्याची कागदावरची रेखाटनं आहेत. अपघाताला त्याच्या कामात जागा होती, हे खरंच. ओला रंग तो चिंधीने पुसायचा, कधी हाताने फेकायचा. पण त्याआधीची ही मेहनत झाकून ठेवणं मला त्याच्यावरच अन्याय केल्यासारखं वाटतं.