दुपारचं ऊन उजाडताना आत

फ्रान्सच्या नैऋत्येला, लो नदीच्या उंच कड्यावर सँ-सिर-लापोपी हे गाव आहे. तिथली बरीच घरं तेराव्या ते सोळाव्या शतकातली. जुलैच्या भर दुपारी अशा घराचा उंबरा ओलांडला की गारवा अंगाला भिडतो. या गारव्याचा हिशेब मांडता येतो, आणि मला तो घराच्या देखणेपणाइतकाच मोहवतो.

भिंत चुनखडीच्या दगडाची, साधारण ६० सेंटिमीटर जाड. आत-बाहेर दगडांचे दोन थर, मधे बारीक दगड आणि चुन्या-मातीचा भराव. एवढ्या दगडातून उष्णतेची लाट पार व्हायला सुमारे १५ तास लागतात. दुपारी चारला बाहेर तापलेल्या भिंतीची धग आत पोहोचेपर्यंत उजाडलेलं असतं, आणि वाटेत ती इतकी विरते की बाहेरच्या चढउताराचा जेमतेम पन्नासावा भाग आत उमटतो. राहिल्या खिडक्या. त्या लहान असतात आणि त्यांच्या लाकडी झडपा काचेच्या बाहेरून असतात. पडद्यापर्यंत आलेलं ऊन घरात शिरलेलंच असतं. झडप त्याला काचेआधीच अडवते. दिवसा झडपा बंद, रात्री सताड उघड्या, हा तिथल्या उन्हाळ्याचा नेम. हा गारवा नुसती चैन नाही: ऑगस्ट २००३ च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसं दगावली. छताखालच्या तापणाऱ्या खोल्यांत राहणाऱ्यांना धोका जास्त होता.

या भिंतींचा खरा शत्रू ओल. भिंतीच्या पायात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी केशाकर्षणानं वर चढतं. दगडांमधल्या फटी चुन्यानं भरलेल्या असतील तर ते तिथून वाफ होऊन निघून जातं. विड्याच्या पानाला लावतात तोच हा चुना: चुनखडी भाजून, पाण्यात विरवून केलेला, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी होणारा. विसाव्या शतकात मात्र असंख्य घरांच्या फटी सिमेंटनं भरल्या गेल्या. वाट बुजली की पाणी दगडातूनच बाहेर पडू पाहतं. लोणा लागतो, हिवाळ्यात आतलं पाणी गोठून फुगतं आणि दगडाचे ढलपे सुटतात. आधुनिक सिमेंटचा पायाही याच परिसरात घातला गेला. जवळच्या सुयाक गावी दोर्दोन्य नदीवर पूल बांधताना लुई विका या अभियंत्यानं १८१७ च्या सुमारास चुनखडी आणि चिकणमाती ठरावीक प्रमाणात भाजून पाण्याखालीही घट्ट होणारा चुना तयार केला. पुलाला तो वरदान, जुन्या भिंतीला त्याचा पुढचा अवतार घातक.

हिवाळ्यात जाडीचा फारसा उपयोग नाही. दगड उष्णता साठवतो, पण अडवत नाही. खोलीतली हवा २० अंशांवर असली तरी शरीराची ऊब गार भिंतीकडे जात राहते आणि माणूस कुडकुडतो. १९८० च्या दशकापासून फ्रान्समध्ये यावर भांगेच्या खोडाचा भुसा चुन्यात कालवून आतून जाड गिलावा करतात. भिंतीचा पृष्ठभाग कोमट राहतो आणि वाफेची वाट मोकळी राहते. उन्हाळ्यात मात्र दगड आणि खोली यांच्यात हा थर आड येतो, थोडा गारवा कमी होतो. डिसेंबर-जानेवारीची थंडी पाहता मला हा सौदा पटतो.